गाडी राज्यात कधी आली?

महाराष्ट्रातून आणलेल्या गाडीला कर्नाटकाचा नंबर घ्यायला मी आरटीओत गेले होते. खिडकीपलीकडच्या माणसाने माझ्या फायलीतली पानं उलटता उलटता, मान वर न करता विचारलं, "गाडी यावाग बंतु?" बेंगळुरूत राहून एवढं कन्नड कानाला सरावलं होतं. गाडी कधी आली. मी महिना सांगितला, वर्ष सांगितलं. मग त्यांनी वर पाहिलं आणि हिंदीत म्हणाले, "प्रूफ?" आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. रांगेतल्या प्रत्येकाला ते हेच विचारत असणार. माझ्या फायलीत गाडीचं बिल होतं, आरसी होती, विमा होता, पीयूसी होतं, महाराष्ट्रातून आणलेली एनओसी म्हणजे ना हरकत दाखला होता, भाडेकरार होता. पण आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला आलो, त्या दिवसाचा कागद कुणी कुणाला देतं का? मी तशीच उभी राहिले. मागच्या मुलाला माझी अडचण कळली. "मॅडम, फास्टॅगचं स्टेटमेंट काढा की," तो म्हणाला. मोबाइलवर ते उघडलं. तासवडे, किणी, कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी… नाक्यामागून नाका, प्रत्येकापुढे तारीख, वेळ आणि कापलेले पैसे. त्या गृहस्थांनी फोन हातात घेतला, कोगनोळीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "याची प्रिंट आणा. दोन कॉपी."

काम पुढे सरकलं याचा आनंद व्हायला हवा होता, तेवढा तो झाला नाही. बाहेर झेरॉक्सच्या टपरीवर प्रिंट निघेपर्यंत मी त्या एका ओळीकडे पाहत राहिले.

त्या वेळी गाडीत काय काय होतं ते मला अजून आठवतं. मागच्या सीटवर गाद्यांच्या वळकट्या, त्यांच्यामध्ये रुतवलेला मिक्सर, पायाशी आईने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी, आणि डिकीत जागा उरली नाही म्हणून मांडीवर घेतलेली तुळशीची कुंडी. निघताना आई दारात उभी राहून "पोचलात की फोन कर" एवढंच म्हणाली होती आणि लगेच आत गेली होती. कागल मागे पडलं, कोगनोळीच्या नाक्यावर टॅग वाचला गेला, दांडा वर झाला, आम्ही पुढे गेलो. आपण राज्य सोडतोय असं त्या क्षणी मनातसुद्धा आलं नाही. नोकरी बदलली होती, घर बदलत होतं, एवढंच डोक्यात होतं. आज सरकारदरबारी माझ्या स्थलांतराची खरी तारीख म्हणजे त्या दांड्याची वेळ आहे, आणि तिच्याशी माझं काहीच नातं जुळत नाही याचं मला वाईट वाटत होतं.

हा रस्ता माझ्या लहानपणापासूनचा ओळखीचा. मे महिन्यात बेळगावला आत्याकडे जायचो. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा अमलात आला आणि गाड्यांवर एमएच, केए, जीए अशी राज्यांची अक्षरं आली, तेव्हा मी शाळेत नुकती जायला लागले होते. वाचता यायला लागलेल्या मुलांना ते नवे नंबर म्हणजे चालता धडाच. खिडकीशी कोण बसणार यावरून भांडण व्हायचं आणि मग बाहेर बघत आम्ही नंबर ओरडायचो. पुण्याकडून येणाऱ्या गाड्या बारा, साताऱ्याच्या अकरा, कोल्हापूर आलं की सगळीकडे शून्य नऊ. मध्येच एखादी दहा दिसली की सांगलीची. निपाणीला पोचलो की केए तेवीस सुरू व्हायच्या आणि बेळगावात शिरताना केए बावीस. जो पहिली केए तेवीस बघेल त्याला आत्या कुंद्याचा मोठा तुकडा देणार, असं ठरलेलं असायचं. पाट्यांवरची लिपी गोल गोल व्हायची, उसाचे फड मात्र तेच राहायचे, आणि निपाणीच्या स्टँडवर चहावाला मराठीतच "किती कप?" विचारायचा. आत्याच्या दारात उभी असलेली लूना केए बावीसची होती आणि घरात सगळे आमच्यासारखंच मराठी बोलायचे. नंबरावरून माणूस कुठे राहतो ते कळतं, कुठला आहे ते कळत नाही, हे मला फार लहानपणी त्या लूनाने शिकवलं होतं. पुढे मोठं झाल्यावर मीच ते विसरले असावे, कारण बेंगळुरूत आल्यावर सिग्नलला एमएच दिसली की माझी मान आपोआप वळायची. पुढचे दोन आकडे बघायचे, काचेवर गणपती आहे का बघायचं. एकदा सिल्क बोर्डच्या गर्दीत शेजारच्या शून्य नऊमधल्या बाईंनी काच खाली करून "कुठलं गाव?" विचारलं, आणि सिग्नल सुटेपर्यंत आम्ही दोघी कोल्हापूरच्या पावसाबद्दल बोललो.

म्हणून नंबर बदलायचं मी जितकं लांबवता येईल तितकं लांबवत होते, असं नाही. मला ते वेळेत करायचं होतं. कायदा मी स्वतः वाचला, कारण ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगत होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ४६ म्हणतं की एका राज्यात नोंदलेली गाडी भारतात दुसरीकडे पुन्हा नोंदवायची गरज नाही. वाचून बरं वाटतं. पण त्याची सुरुवातच "कलम ४७ च्या अधीन राहून" अशी आहे, आणि कलम ४७ म्हणतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिला त्या राज्याचा नवा नंबर घ्यायला हवा. कलम १३ प्रमाणे लायसन्स मात्र भारतभर चालतं, तिथे अशी अट नाही. म्हणजे मी, चालवणारी, पूर्ण देशाची. आणि मी चालवते ती गाडी एका वर्षापुरती पाहुणी. गाडी चालवण्याची माझी पात्रता हा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि तो कायद्याने एकदाच सोडवून टाकला. गाडीचा नंबर हा कराचा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक सीमेवर नव्याने उभा राहतो.

एनओसी मूळ कार्यालयातून घ्यायची. फॉर्म २८ म्हणजे तिचा अर्ज, त्याच्या प्रती, प्रत्येक प्रतीवर चॅसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. ज्यांनी हे केलंय त्यांना ड्रायव्हरच्या सीटखालचा गालिचा कापल्यासारखा वर उचलला जातो ती जागा माहीत असेल. तिथे धातूवर ठोकलेली सतरा अक्षरं असतात. त्यावर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासायची. कार्यालयाबाहेर झाडाखाली एक मुलगा हेच काम करत होता. त्याचा अंगठा आणि तर्जनी शिशाने कायमची करडी झाली होती. अक्षरं एकामागून एक कागदावर उमटताना बघायला छान वाटतं हे खरं आहे. पण तोच नंबर, तेच इंजिन, तोच माझा पत्ता वाहन नावाच्या संगणक प्रणालीत आहेच, आणि ती प्रणाली दोन्ही राज्यांत एकच, एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने बनवलेली. बेंगळुरूच्या खिडकीत बसलेल्या माणसाला माझ्या गाडीचा चॅसिस नंबर टाइप करून बघता येतो. तरीही तो कागदावर घासून, चिकटवून, सही करून, साडेआठशे किलोमीटरचा प्रवास करून त्याच्यासमोर ठेवायचा. गाडी चोरीची नाही असा एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, दाखला त्यालाच जोडायचा. गाडी कर्जावर घेतलेली, कर्ज फेडलेलं, पण आरसीवर बँकेचं नाव अजून होतं. मग आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, ते नाव उतरवून घ्यायचं, त्यानंतर फॉर्म २८. बँकेची शाखा मधल्या काळात दुसरीत विलीन झालेली. नव्या शाखेतल्या मुलीने माझं जुनं खातं शोधायला अर्धा दिवस घालवला आणि मग स्वतःच्या डब्यातला पोळीचा लाडू माझ्यापुढे धरला. तिचे मी मनापासून आभार मानले. या सगळ्या प्रकरणात जी माणसं भेटली त्यांतली बहुतेक चांगली होती, हे मला आवर्जून लिहायचं आहे. त्यांच्या हातात दिलेलं काम मात्र असं आहे की चांगुलपणाने ते सोपं होत नाही.

कलम ४८ मध्ये एक तरतूद आहे जी फार थोड्या लोकांना माहीत असते. एनओसीच्या अर्जावर तीस दिवसांत नकार कळवला नाही, तर ती दिली असंच मानायचं. ही ओळ वाचून मला धीर आला होता. मी ती छापून सोबत नेली होती. तिथल्या ज्येष्ठ कारकुनांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "ताई, बरोबर आहे तुमचं. पण 'मानलेली' एनओसी तुम्ही तिकडे दाखवणार कशी? त्यांना कागद लागेल ना." ते खरंच बोलत होते. कागद आला, उशिरा आला, पण आला. त्या दिवसापासून परिवहनच्या ॲपवर माझ्या गाडीच्या नोंदीपुढे एनओसी दिल्याचा शेरा दिसायला लागला. महाराष्ट्राने सोडलेली, कर्नाटकाने न घेतलेली. त्या आठवड्यांत मी ती फारशी बाहेर काढलीच नाही. काही झालं, कुणाला लागलं, तर विमा कंपनी काय म्हणेल या विचाराने स्टेअरिंगवरचे हात घामेजायचे.

आणि पत्ता. मला वाटतं या सगळ्यात सर्वांत जास्त दमवणारी गोष्ट पत्ता आहे. कर्नाटकात मी राहते हे सिद्ध करायला माझ्याकडे भाडेकरार होता, अकरा महिन्यांचा. अकराच का, हे भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे: वर्षाहून जास्त मुदतीचा करार १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, त्यामुळे इथे अकरा महिन्यांचा स्टँप पेपर करून मोकळे होतात. महाराष्ट्रात भाडेकरार कितीही मुदतीचा असो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदवावाच लागतो, त्यामुळे मला याची सवय नव्हती. गाडीचा कायदा विचारतो, बारा महिने झाले का? घराचा कागद म्हणतो, अकरा. दर अकरा महिन्यांनी नवा करार होतो आणि कागदोपत्री मी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. देशात लाखो माणसं अशी राहतात, वर्षानुवर्षं एकाच घरात, आणि कुठल्याही कागदावर त्यांचं एक वर्ष पूर्ण होत नाही. घरमालक भले गृहस्थ. पण लाइट बिलाची प्रत मागितली तेव्हा ते थोडे बिचकले. "कशाला हवं?" असं विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी समजू शकते. आपल्या घराचा पत्ता दुसऱ्याच्या सरकारी कागदावर चढणं कुणालाही नको असतं. त्यांना मी आरसी म्हणजे काय, आधार म्हणजे काय, घराच्या मालकीशी त्याचा संबंध कसा नाही, हे त्यांच्या ओसरीवर बसून समजावलं. त्यांच्या पत्नीने फिल्टर कॉफी दिली. दुसऱ्या दिवशी बिल आलं.

त्या बिलावर आणि करारावर आधार कार्डाचा पत्ता बदलला. त्या दिवशी संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आता तू आमच्या घरची नाहीस की काय कागदावर?" मी हसून उडवून लावलं. तिनेही विषय बदलला, शेजारच्या बाळंतिणीबद्दल बोलू लागली. पण लग्नानंतरही जो पत्ता मी हट्टाने टिकवला होता, तो एका गाडीच्या पाटीसाठी माझ्या हातांनी काढून टाकला होता, आणि फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात दिवा न लावता बसले.

लायसन्सची गोष्ट निराळीच. माझं २००३ सालचं. तेव्हाच्या नियमाने वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, जे आधी येईल तोपर्यंत. त्यामुळे २०२३ ला मुदत संपत होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपण्याच्या वर्षभर आधीही अर्ज करता येतो, नूतनीकरण आणि पत्ता एकत्र करता येतो, चाळिशी उलटली असेल तर फॉर्म १ए म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. हे सगळं सरळ आहे. सारथी या संकेतस्थळावर नंबर टाकला आणि उत्तर आलं की अशी नोंदच नाही. लायसन्स माझ्या हातात, त्यावर माझा एकविसाव्या वर्षीचा फोटो, सही, शिक्का. आणि देशाच्या नोंदवहीत मी नाही. चौकशी केल्यावर कळलं की संगणकीकरणाआधीची जुनी लायसन्सं ज्या कार्यालयाने दिली त्यांनीच मागाहून भरायची असतात, बॅकलॉग एंट्री म्हणतात त्याला. इथलं कार्यालय ती भरू शकत नाही. म्हणजे पुन्हा तोच रस्ता, तेच नाके. तिथे मागच्या खोलीत कापडी बांधणीच्या मोठ्या नोंदवह्या होत्या. शिपाईमामांनी त्यातली २००३ ची काढली, धूळ झटकली, आणि बोट फिरवत फिरवत माझ्या नावावर थांबले. निळ्या शाईत, कुणाच्या तरी सुरेख तिरप्या अक्षरात माझं माहेरचं नाव लिहिलेलं होतं. शेजारी बाबांची सही, ओळखीची म्हणून. बाबा तेव्हा माझ्याबरोबर आले होते हे मी पार विसरून गेले होते. चाचणीच्या मैदानावर आठ काढताना माझा पाय टेकला नाही म्हणून त्यांनी बाहेर आल्यावर उसाचा रस पाजला होता. शिपाईमामा म्हणाले, "फोटो काढून घ्या हवा तर." मी काढला. तो त्रास मला झाला नसता तर ती ओळ मी कधी पाहिली नसती, आणि तरीही मी म्हणेन की तो त्रास कुणालाही होता कामा नये. कारण त्याच खोलीत एक ट्रकचालक उभा होता, त्याचं लायसन्स असंच नोंदीत सापडत नव्हतं, आणि ते मिळेपर्यंत त्याला गाडीवर घेणार नाही असं त्याच्या मालकाने सांगितलं होतं. मला रजा मिळते, त्याची रोजी बुडत होती.

कराबद्दल मात्र मला रागच आहे, आणि तो मी लपवणार नाही.

२०१९ ला दिवाळीत गाडी घेतली तेव्हा महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वन टाइम टॅक्स होता. तो एकरकमी भरला, गाडीच्या पूर्ण आयुष्याचा. कर्नाटकात हाच कर लाइफटाइम टॅक्स म्हणून घेतात. पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, दहा ते वीस लाखांच्या गाडीला १७, आणि त्या करावर वर उपकर. जुनी गाडी आणली तर वयाप्रमाणे कमी होतो, पण तो काढायचा मूळ बिलाच्या किमतीवर आणि भरायचा पुन्हा एकरकमी. महाराष्ट्राने घेतलेल्यातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मिळतो, पण त्यासाठी आधी इथे कर भरायला हवा, नवी आरसी हातात यायला हवी, मग तिची प्रत जोडून तिकडे अर्ज. मधल्या काळात एकाच गाडीचा, एकाच वर्षांचा कर दोन तिजोऱ्यांत पडलेला असतो आणि तो घालणारी व्यक्ती एकच असते. ऑफिसातल्या एका तरुण जोडप्याने यासाठी सोनं गहाण ठेवलं. बाकीचे कितीतरी जण नंबर बदलतच नाहीत. वर्ष व्हायच्या आत गाडी गावी नेऊन आणतात, टोलच्या आणि पेट्रोलच्या पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवतात, आणि पोलिसाने हात दाखवला की पोटात गोळा येतो. २०१४ ला कर्नाटकाने कायदा बदलून बारा महिन्यांऐवजी तीस दिवस केले होते. तीस दिवसांवर गाडी राहिली की लाइफटाइम टॅक्स. त्या काळात इथे असलेले लोक अजून सांगतात, मॉलच्या बाहेर, टेक पार्कच्या फाटकाशी परराज्यातल्या गाड्या बाजूला घ्यायचे. २०१६ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. पण ती दोन वर्षं ज्यांनी भरले त्यांनी भरले, आणि भीती आजही पार्किंगच्या गप्पांत जिवंत आहे.

कर्नाटकाची बाजू मला दिसते. माझी गाडी इथल्या रस्त्यावर धावते, इथल्या खड्ड्यांना आपला भार घालते, इथल्या हवेत धूर सोडते. त्याचे पैसे इथेच पडायला हवेत. घटनेच्या सातव्या परिशिष्टात वाहनांवरचा कर राज्यांच्या यादीत आहे, ५७ व्या नोंदीत, आणि त्यात गैर काही नाही. राज्यांना स्वतःचं उत्पन्न हवंच. माझं म्हणणं इतकंच आहे की दोन सरकारांमधला हिशेब मी माझ्या पर्समधून का फिरवायचा? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तेव्हापासून पुण्यातल्या कारखान्यातला पंखा बेंगळुरूच्या दुकानात विकला गेला की कर केंद्राकडे आयजीएसटी म्हणून जमा होतो आणि पंखा जिथे वापरला जाणार त्या राज्याचा वाटा त्या राज्याला पोचतो. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पंख्यासाठी हे जमतं. गाडीची तर प्रत्येकीची स्वतंत्र नोंद आहे, एकाच प्रणालीत, तारखेसकट. उरलेल्या वर्षांचा कर या तिजोरीतून त्या तिजोरीत वळता करायला एक रात्र पुरेल. फरक पडला तर तेवढाच मालकाकडून घ्यावा किंवा त्याला द्यावा. मी भरेन, आनंदाने भरेन.

यावर उपाय म्हणून भारत सीरिज आली, हे मला माहीत आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून बीएच नंबर मिळतो, दोन-दोन वर्षांचा कर भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. डिसेंबर २०२२ पासून जुन्या गाडीलाही तो घेता येतो. चांगली योजना आहे. पण ती सैन्यातल्यांना, सरकारी आणि सार्वजनिक कंपन्यांतल्या नोकरदारांना, आणि खासगीत असाल तर चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीतल्यांनाच. माझ्या कंपनीची दोन राज्यांत आहेत. लहान कारखान्यात काम करणारा फिटर, शिवणकाम करणारी बाई जिने हप्त्यावर स्कूटी घेतली, स्वतःचं दुकान थाटायला हुबळीला गेलेला कराडचा माणूस, यांच्यासाठी ती नाही. राज्य ओलांडून जाण्याची गरज मात्र त्यांनाही पडते, कदाचित जास्त पडते.

शेवटी गाडी तपासून झाली आणि नवा नंबर मिळाला. जुनी पाटी काढायला एक गृहस्थ पक्कड घेऊन आले. हाय सिक्युरिटी पाटीचं कुलूप उघडत नाही, तोडावंच लागतं. ते तुटल्याचा आवाज मोठा आला. पार्किंगमधली लहान मुलं जमली होती. त्यातल्या एकाने नवा नंबर मोठ्याने वाचला, कन्नडमध्ये, एकेक आकडा सुटा करून. फास्टॅगवर नवा नंबर चढवला, विम्यावर चढवला. दसऱ्याला बेळगावला गेलो तेव्हा आत्या, आता ऐंशीच्या घरातली, काठी टेकत बाहेर आली, पाटीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आली बाई आमच्यात." मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच या गाडीबद्दल कुणी माझ्याकडे पुरावा न मागता बोललं होतं.

परताव्याचा अर्ज पाठवला आहे. नवी आरसी, इथल्या कराची पावती, तिथल्या कराची पावती, रद्द केलेला चेक. उत्तर आलं की अर्जातला पत्ता आणि आधारवरचा पत्ता जुळत नाही. पूर्वी तिथे राहत असल्याचा पुरावा जोडावा. मी आईला सांगून जुनी पाणीपट्टी शोधायला लावली. तिने कपाटातून शोधून काढली आणि फोटो पाठवण्याआधी तिच्यावरून हात फिरवून सुरकुत्या काढल्या, हे तिच्या बोटांच्या फोटोवरून कळलं. तो कागदही आता जोडला आहे.

गेल्या शनिवारी ऑफिसातला नागपूरचा मुलगा घरी आला होता. त्याची मोटरसायकल पुढच्या महिन्यात रेल्वेच्या पार्सलने यायची आहे. मी त्याला जेवायला वाढलं आणि मग टेबल पुसून कागद मांडले. गाव सोडायच्या आधी कर्ज उतरव आणि फॉर्म ३५ भर, तुझा पत्ता जुळतोय तोवरच एनओसीला अर्ज कर, वडिलांचं आणि तुझं लायसन्स सारथीवर दिसतंय का ते आजच बघ, मूळ बिल हरवू नकोस, पार्सलची पावती सांभाळून ठेव, त्यावर तारीख असते. तो सगळं वहीत लिहून घेत होता. लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "ताई, भरलेल्यातले किती परत येतात?"

"हिशेबाने येतात," मी म्हटलं. "माझे अजून आले नाहीत. सोमवारी पुन्हा पत्र टाकतेय."